दिब्रुगडहून निघालेली निळी बॅग

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग आहे. बोईसरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून बाहेर आल्यावर सुगंधा नावाच्या कामगार बाईने माझे अस्तर बसवले आणि मी पालघरच्या बाजारात दुकानाबाहेर येऊन उभी राहिले.

केळव्याचे बागायतदार बळवंतकाका यांनी मला निवडले. त्यांची मुलगी मेघाली परिचारिका होऊन दूर आसामात, दिब्रुगडला निघाली होती. मला थोपटून ते म्हणाले, "दणकट हाय. जाईल पोरीबरोबर."

दिब्रुगडला जाताना माझ्या पोटात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी असत, येताना चहा. पुढे माझे एक चाक तुटले. नवी बॅग आली आणि मी पलंगाखाली गेले. माझ्यावर धूळ साचली.

एका हिवाळ्यात सकाळी मेघालीच्या आईचा, आनंदीबाईंचा फोन आला. "बाबांना पालघरला दवाखान्यात ठेवलंय गो. सारखे तुझं नाव घेतात. कधी पोचशील?"

नव्या बॅगेत सामान भरलेले होते. मेघालीने मलाच ओढून काढले. मुंबईचे तिकीट मिळेना, म्हणून तिने सुरतेचे काढले. दिब्रुगड ते सुरत, आकाशातून सरळ मोजले तर सुमारे तेवीसशे किलोमीटर. आईला धीर यावा म्हणून ती म्हणाली, "विमानाने साडेतीन तास, आई. बाबांना सांग, आलेच."

पण थेट विमान नव्हतेच. कोलकात्याला बदलायचे होते. धुक्यामुळे पहिले विमान उशिरा सुटले आणि पुढचे हुकले. फोनचे चार्जिंगही संपले आणि चार्जर घाईत घरीच राहिला होता. मेघाली माझ्यावर डोके टेकून विमानतळावर बसून राहिली. तिचे अश्रू माझ्या झाकणावर पडत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुरतेला उतरलो. मग गाडीने महामार्ग, मनोरचा फाटा आणि पालघर. तुटक्या चाकावर खडखडत मी दवाखान्यात शिरले.

बळवंतकाका जागेच होते. तिला पाहताच त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"पडलं नाय ना गो विमान?"

मेघाली जागच्या जागी थिजली. आनंदीबाई हळूच म्हणाल्या, "साडेतीन तास झाले नि त्यांचा जीव घाबरला. रातभर डोळा लागला नाय. येईल त्या नर्सला विचारत होते, विमानाला काय झालं?"

"नाही बाबा, मला बदलायला लागलं विमान. मी सांगायला हवं होतं."

"आलीस ना," ते म्हणाले आणि तिचा हात धरून झोपी गेले. पुढचे दोन दिवस त्यांनी तो हात फारसा सोडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हात थंड झाला.

दिवसकार्य उरकल्यावर मेघाली आईला म्हणाली, "मी त्यांना एक रात्र भीतीत ठेवलं गो." आनंदीबाईंनी तिला जवळ घेतले.

आता मी केळव्याच्या घरात कपाटावर असते. आनंदीबाई अधूनमधून मला पुसतात.

मित्रांनो, माझे चाक दुरुस्त नाही केलेत तरी चालेल. पण घरी कुणी तुमची वाट पाहत असेल, तर विमान किती तासांचे आहे एवढेच सांगू नका. कुठे थांबायचे आहे, कुठे उशीर होऊ शकतो, तेही सांगा. वाट पाहणाऱ्याला लांबचा वेळ सोसतो. चुकलेला वेळ सोसत नाही.