एकशे विसावा शब्द

मी चाळीस वर्षं तांडेल होतो. रत्नागिरीहून मुंबईला कौलं, नारळ, भात घेऊन जाणारी फत्तेमारी माझ्या हाताखाली असे, आणि जयगडपासून विजयदुर्गापर्यंत पाण्याखाली कुठे कोणता खडक आहे हे मला नकाशावाचून माहीत होतं. नकाशा मला वाचताच येत नव्हता. शाळेत मी एक वर्ष गेलो. मास्तरांनी दगड म्हणून हाकलून दिलं. त्या दगडाने एकही गलबत खडकावर घातलं नाही, एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

एकोणीसशे एकतीसच्या दिवाळीनंतर मुंबईहून आगाशे नावाचे एक प्रोफेसर रत्नागिरीत आले आणि वरच्या आळीत एका वकिलाची माडी घेऊन राहिले. माणसाच्या स्मरणाचा ते अभ्यास करत होते. अक्षरं आली की स्मरण दुबळं होतं की बळकट, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांनी बारा शिक्षक जमवले, आणि ज्यांची शाळा दुसरीच्या आत सुटली अशी बारा माणसं. त्या बारांत मी होतो.

प्रोफेसरांनी स्वतः शब्द तयार केले होते. त्यांना अर्थ नव्हता. ठीम, रुझ, डेण, असले. "अर्थ असला की माणूस अर्थाचं बोट धरून चालतो," ते म्हणाले. "मला नुसतं स्मरण बघायचं आहे." चाळीस शब्द ते दोनदा वाचून दाखवणार, लिहून कोणी घ्यायचं नाही, आणि महिन्याने ते ओळीने म्हणायचे. अशा तीन याद्या. शेवटी, शिमग्याच्या आधी, एकशे वीस शब्द एका बैठकीत.

शिक्षकांत गंगाराम मास्तर म्हणून एक होते. अख्खं पंचांग तोंडपाठ असलेला माणूस. पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाले, "काय महिपतराव, इथे पाण्याखाली काही नाही हो. तुमचं काय काम?"

मी म्हटलं, "तुमच्या डोक्यात किती पाणी आहे ते मोजायला आलोय, मास्तर."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्याच दिवशी मी ठरवलं, या माणसाच्या मागे राहायचं नाही.

पाठ करायची माझी रीत साधी होती. तांडेल वाट पाठ करतो ती एकेक खूण ओळीने घेऊन. एक खूण मागे गेली की पुढची आपोआप समोर येते. मी डोळे मिटून जयगडाहून निघालो आणि लागेल त्या खडकावर एकेक शब्द ठेवत गेलो. खडकांना आम्हा तांडेलांचीच नावं. कासवाच्या पाठीवर पहिला, दोन सुनांवर दुसरा आणि तिसरा, म्हातारीच्या दातावर चौथा. महिन्याने त्याच वाटेने पुन्हा गेलो आणि चाळीसच्या चाळीस शब्द उचलून आणले. प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. मास्तरांचेही चाळीस झाले, पण ते तीनदा अडखळले होते.

त्याच आठवड्यात शेजारचा सखाराम, नवा मचवा घेतलेला, वाट विचारायला आला. "काका, पूर्णगडाला शिरताना डाव्या हाताला काय लागतं?"

"ठीम," मी म्हणालो.

तो हसत सुटला. "कुठल्या मुलखाचा खडक म्हणायचा हा?"

खडकाचं खरं नाव आठवायला मला घटकाभर वेळ लागला. सखाराम गेल्यावर मी स्वतःशी शपथ घेतली की समुद्र बिघडवायचा नाही. त्याच्यावर माणसांचे जीव असतात.

म्हणून दुसऱ्या यादीचे शब्द मी घरात ठेवले.

रत्नागिरीलगत मिऱ्यावर आमचं तीन खणांचं घर आहे. मी उंबऱ्यापासून सुरुवात केली. उंबरा, जातं, कणगी, शिंकं, विळी, पाटा, वरवंटा, चूल, रोवळी, काथवट, असं करत मागच्या दारातून विहिरीच्या रहाटापर्यंत चाळीस वस्तू झाल्या. प्रत्येकीवर एक शब्द. या खेपेला माझी जीभ एकदाही घसरली नाही. घसरली ती चिमाची.

चिमा माझी बायको. बत्तीस वर्षं तिने ते घर सांभाळलं. मी समुद्रावर असताना घरात काय आहे नि काय नाही हे तिलाच ठाऊक असे. एका सकाळी ती तांदूळ धुवायला बसली होती. हातात रोवळी होती. ती तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "अवो, ह्येला काय म्हणतात?"

"रोवळी. झोप झाली नाही काय गो?"

"रोवळी," ती म्हणाली, आणि तांदूळ धुऊ लागली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं.

दोन दिवसांनी पाटा गेला. मग जातं. काम तिला सगळं येत होतं. हात चुकत नव्हते. फक्त वस्तूला नाव उरत नव्हतं. शेजारच्या काशीकडे वाटण करायला काही मागायला गेली आणि दारात नुसते हात हलवत उभी राहिली. काशी हसून म्हणाली, "वैनी, दशावतारात जाताव काय आता?" चिमाही हसली. घरी येऊन मात्र ती चुलीपुढे गुडघ्यात डोकं घालून बसली.

प्रोफेसर माडीवर बसून प्रयोग करत होते. मीही एक केला. चिमाला समोर बसवली आणि घरातल्या वस्तू एकेक करून तिच्यापुढे धरल्या, न हलणाऱ्या बोटाने दाखवल्या. ज्या वस्तूवर मी शब्द ठेवला नव्हता तिचं नाव ती पटकन सांगे. परडी. पळी. सूप. ज्या वस्तूवर ठेवला होता तिच्याकडे ती नुसती बघत राही. चाळीस वस्तू धरल्या, चाळीस वेळा ती गप्प राहिली. एकही चूक नाही. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा पाच वस्तू राहिल्या होत्या. त्या मी तरीही धरल्या. अर्धवट मोजलेलं मोजमाप काय कामाचं?

शब्द काढून घ्यायचाही प्रयत्न मी केला. रोवळीवरून 'रुझ' उचलायचा म्हणून तासभर डोळे मिटून बसलो. एकदा ठेवलेला शब्द निघत नव्हता.

दुसऱ्या यादीचे चाळीस मी न थांबता म्हटले. मास्तरांनीही म्हटले. बाकीचे बावीस गळाले होते. सगळे गेल्यावर मी प्रोफेसरांना चिमाचं सांगितलं, सगळं, माझ्या प्रयोगासकट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"त्या शिकलेल्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग वय झालं असेल. आणि हे पहा, घरची माणसं माझ्या अभ्यासात येत नाहीत. ती धरायची म्हटली तर सगळी पद्धतच बदलावी लागेल." मग म्हणाले, "तुम्हाला सोडायचं असेल तर सोडा. मग गंगाराम मास्तर एकटे उरतील. निष्कर्ष निघेल तो निघेल."

जिन्यात मास्तर अजून जोडाच घालत होते, कान वर लावून. "काय तांडेल, सुकाणू सोडताय म्हणे?"

"वारा पडला तर सोडतात, मास्तर. अजून पडलेला नाही."

तिसरी यादी ऐकून मी घरी आलो तेव्हा डोक्यात चाळीस शब्द होते आणि ठेवायला जागा नव्हती. घरात मोकळं राहिलेलं किडुकमिडुक मी पहिल्यांदा वापरलं. परडी, पळी, सूप. मग अंगणात उतरलो. तुळस, फणस, पायरीचं कलम, गोठा, गाय, तिचं वासरू. तरी शब्द उरले. मग चिमाचं माहेर घेतलं, आरे-वाऱ्याचं. तिचा भाऊ घेतला. ती नवस बोलते ती देवी घेतली. शेजारची काशी घेतली. मला ठाऊक होतं मी काय करतोय. ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. मी मनाशी म्हणत होतो, एकदा बैठक झाली की शब्दांचं काम संपेल, आपोआप गळून पडतील, आणि हिचं सगळं हिला परत मिळेल.

अडतिसावा शब्द मी गावाच्या होळीवर ठेवला. एकोणचाळिसावा लवूवर. लवू आमचा एकुलता मुलगा, मुंबईला गिरणीत असतो.

आठ दिवसांनी लवूचं कार्ड आलं. पोस्टमनने ते अंगणात उभ्याने वाचून दाखवलं. शिमग्याला येतो, आईला सांगा, आईसाठी लुगडं घेतलंय. दरवर्षी ते कार्ड ऐकताना चिमा पदराने डोळे पुसते आणि पोस्टमनला गूळ-खोबरं दिल्याशिवाय सोडत नाही. या वेळी तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोस्टमन थोडा वेळ ताटकळला नि निघून गेला.

"लवू कोण वो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आपला मुलगा."

ती माझ्याकडे बघून हसली, मस्करी केल्यावर हसतात तशी. "आपल्याला असता तर मला ठाव नसता?"

तेव्हाही एक शब्द उरलेलाच होता. एकशे विसावा. लुठ. तो मी कुठेच ठेवला नव्हता, आणि न ठेवलेला शब्द दिवसभर डोक्यात असे नि सकाळी उठून बघावं तर घटकाभर सापडत नसे. बैठक चार दिवसांवर आली होती. विजयदुर्गाच्या तोंडाशी एक खडक मोकळा होता. माझ्या मनात तो दोनदा येऊन गेला. पण समुद्राची शपथ होती. घरात, अंगणात, माणसांत एकही जागा राहिली नव्हती. एकच होती.

मी विचार केला. मुलगा वर्षातून एकदा येणारा, त्याला ती विसरेल. वस्तूंचं तर काय. पण बत्तीस वर्षं हिने माझ्या गलबताची वाट बघितली आहे. माझ्यावर शब्द ठेवला तर शब्दच घसरेल, मी नाही. असा मला विश्वास होता, आणि तो खरा आहे की नाही हे बघायचीही मला इच्छा झाली. बैठकीच्या दिवशी सकाळी, वरच्या आळीच्या चढावर, मी तो शब्द स्वतःवर ठेवला.

मास्तर एकशे सतराव्या शब्दाशी थांबले. कपाळावर हात मारून घेतला, पाणी मागितलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबले. मग माझी पाळी आली. मी जयगडाहून निघालो, पूर्णगड केला, उंबऱ्यातून घरात शिरलो, मागच्या दाराने विहिरीवर गेलो, अंगण, गोठा, माहेर, देवी, मुलगा, आणि शेवटी माझ्यापाशी आलो. एकशे वीस.

प्रोफेसरांनी उठून माझा हात हातात घेतला. "अपूर्व. विद्वानांपुढे हे वाचलं जाईल, छापलं जाईल."

"माझं नाव नीट लिहा," मी म्हटलं. "महिपत. आडनाव शिवलकर."

"नावं आम्ही घालत नाही," ते म्हणाले. "तसा नियम आहे. तुम्ही 'अल्पशिक्षित, क्रमांक सात'."

मास्तर जोडा हातात घेऊनच जिना उतरले.

मी मिऱ्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. चिमा दारात उभी होती. मी अंगणात पाऊल टाकलं तसा तिने पदर डोक्यावर घेतला आणि एक पाऊल मागे सरली.

"घरात पुरुषमाणूस नाय," ती म्हणाली. "शहरात गेलेत. येतील इतक्यात. बसा."

मी पायरीवर बसलो. तिने तांब्या आणून माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि पुन्हा दाराआड झाली. मी पाणी प्यायलो. मग मी विचारलं, "कुणाचं घर हे?"

"तांडेलाचं."

"नाव काय तांडेलाचं?"

ती एवढी लाजली की आमच्या लग्नातही मी तिला तशी लाजलेली बघितली नव्हती. पदराचं टोक दातात धरून तिने मान खाली घातली. "नवऱ्याचं नाव कोण घेतं वो?"

दिवेलागण झाली. तिने दिवा आणला आणि तो हातात घेऊन दारात उभी राहिली. मी तिच्या पायांशी, पायरीवर बसलो होतो. ती माझ्या डोक्यावरून वाटेकडे बघत होती.