उन्हात ठेवलेली कॅसेट

शालिग्राम सरांना जाऊन महिना झाला होता आणि राखीला अजून काहीच वाटत नव्हतं. जळगाव जामोदच्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, ती नेहमीसारखी गिटार मांडीवर घेऊन बसली होती. समोर बुलढाण्याच्या बँड-स्पर्धेचा अर्ज होता. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो काढून पाठवायचा होता. एकच रकाना रिकामा राहिला होता, रचनाकाराचा. खाली बारीक अक्षरांत अट होती: चाल स्वतःचीच हवी.

"लिव्ह ना तुह्यं नाव," ड्रम वाजवणारा अविनाश म्हणाला. "पुढच्या महिन्यात मी पुण्याले चाललो. आपला हा शेवटचाच चान्स हाय."

"चाल माही नाई, अव्या."

हे कालच कळलं होतं, तेही अविनाशमुळेच. त्याला मोबाइलवर ब्लूजचं एक जुनं ध्वनिमुद्रण सापडलं होतं. अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे गाणं. एक म्हातारा गिटारवर गात होता आणि नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं होतं. सर राखीला शाळेपासून ज्या कॅसेटवरून शिकवत, तिच्यात हाच म्हातारा होता. कॅसेटवरचा कागद केव्हाच निघून गेला होता. लहानपणी बोटांत बसलेलं वळण स्पर्धेसाठी बांधलेल्या तिच्या गाण्यात आपसूक उतरलं आणि तिला ते आपलंच वाटलं.

"आयक," म्हणत अविनाशनं हल्लीच्या रॉक गिटारवाल्यांचे तीन तुकडे लावले. "हा पाह्य. आता हा. तार ओढतात, सोडतात, मूळ सुरावर घरी येतात. सारे त्या म्हाताऱ्याचेच नातू. आवाज मोठा केला, दुसरं काय केलं? कोणी त्याचं नाव घेते काय?"

"तिसऱ्यानं तार ओढून तशीच धरून ठेवली. ते त्याचं हाय."

"मंग तुह्यंबी हाय. म्हाताऱ्याचा सूर सरळ वर जाते. तुहा मधातच खचते, मंग चढते. तो कोणाचा?"

राखीनं वाजवून पाहिलं. खरंच, वर जाता जाता सूर जरा खाली बसत होता.

"कॅसेटमंदी तसाच होता," ती म्हणाली.

चहा घेऊन आलेल्या कोकिळाकाकू, सरांच्या पत्नी, दारातच थांबल्या.

"ते माह्यानं झालं, बाई. वैशाखात तुरीची दाळ वाळू घातली होती. म्हटलं, कॅसेटीलेबी ऊन दाखवा, ओल लागली असन. दिवसभर गच्चीवर राह्यल्या. साऱ्या गेल्या. ही एक वाजे, पण अशी रडत रडत."

"सर रागावले नाईत?"

"हसले. म्हणे, म्हातारं आता वऱ्हाडी बोलून राह्यलं."

अविनाश हसला. आपल्यालाही हसू यायला हवं, एवढं राखीला कळलं.

सर खंजिरी भजनाच्या मंडळातले. दुसऱ्याची चाल धरण्याआधी ते कानाच्या पाळीला हात लावून त्या माणसाचं नाव घेत. चाल घेण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. गप्प राहून घेतली, तर मात्र ते पोरांना थांबवून पुन्हा सुरुवातीपासून गायला लावत.

राखीनं पेन उचललं. रकान्यात लिहिलं: मूळ चाल, नाव माहीत नाही. शिकवली शालिग्राम सरांनी. मधेच खचणारा सूर कोकिळाबाईंचा.

"अन् तुह्यं?" अविनाशनं विचारलं.

"मी वाजवते."

"घेणार नाईत आपल्याले."

"हाव."

"माह्यं नाव काऊन टाकलं वं?" काकू म्हणाल्या. "मले त्यातलं काही समजत नाई."

"केलं तं तुमीच ना, काकू."

अविनाशनं अर्ज पुढ्यात ओढला. मग त्यानं फोटो काढून पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. फक्त स्वतःच्या रचना, क्षमस्व. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"सर असते तं मले दोन शब्द बोलले असते," तो म्हणाला. "तुले नाई."

त्यानं ड्रमच्या काड्या पिशवीत भरल्या, काकूंच्या पाया पडला आणि गेला. राखी गिटारची वायर गुंडाळू लागली.

"उद्या येशील ना?" काकूंनी विचारलं. "घरात आवाज असला की बरं वाटते."

"येईन," राखी म्हणाली आणि वायरीची गाठ सोडवत बसली.