विमानाचं पॅकिंग

माल विमानाने पाठवायचा की जहाजाने, एवढंच मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलो. देवासच्या औद्योगिक क्षेत्रात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कारखानदार गिअर, औषधं, चामडं परदेशी पाठवायला येतात आणि मी कागदावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे विमान, उजवीकडे जहाज. खाली दर, दिवस, पॅकिंग, धोका. कुणी नुसते उडण्याचे तास मोजायला लागला की मी खेकसतो. गोदामात पडून राहायचे दिवस कोण मोजणार, तुमचे तीर्थरूप? असं मी भल्याभल्यांना सुनावलंय.

गेल्या मार्गशीर्षात तोच कागद मी भाच्यासाठी काढला.

श्रेयस माझ्या थोरल्या बहिणीचा, धारच्या भवानीआक्काचा एकुलता मुलगा. मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. जहाजांचं वेड त्याच्या डोक्यात मीच घातलं होतं. म्हणूनच त्याने कंपनीच्या फॉर्मवर घरचा नंबर न देता माझा दिला होता. मामाला जहाजातलं कळतं ना!

कप्तानाचा फोन सकाळी आला. श्रेयस इंजिनरूममध्ये कोसळला होता आणि पुन्हा उठलाच नाही. सव्वीस वर्षांचा पोरगा. कप्तान भला माणूस वाटला. म्हणाला, "सर, मीट रूम खाली करके उसको रखा है। जैसा है, वैसा का वैसा घर पहुँचेगा।" जहाज आणखी दोन बंदरं घेऊन सोळाव्या दिवशी गुजरातेत मुंद्र्याला लागणार होतं. नाहीतर उद्या सकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात त्याला उतरवता येईल, तिथून विमानाने न्या. संध्याकाळपर्यंत घरच्यांचं पत्र हवं होतं.

धारला पोचलो तर आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. रडत नव्हती. माझे मेहुणे, दत्ताजी दाजी, येरझारा घालत होते. मी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या.

"सोळा दिवस?" दाजी म्हणाले. "सोळा दिवस पोर अग्नीविना पडून राहील? आपल्या घरात असं कधी झालं नाही, राजवर्धन. लवकर आण, बस."

आक्का म्हणाली, "मला त्याचं तोंड बघायचंय. एकदा. बाकी तुम्हा लोकांना जे जमेल ते करा."

मी तिथेच कागद काढला. हाताला सवयच. विमानाखाली लिहिलं, पाच दिवस. जहाजाखाली सोळा. पॅकिंगच्या ओळीत जहाजापुढे लिहिलं 'मजबूत', विमानापुढे 'साधं'. आमच्या धंद्यात असंच असतं. जहाजात माल आदळतो, भिजतो, त्याला जाड लाकूड लागतं. विमानाचा माल पुठ्ठ्यातसुद्धा जातो. माणसाच्या देहासाठी हे उलटं असतं, विमानाला पक्की बंद केलेली धातूची पेटी लागते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोनदा अशी कागदपत्रं मी स्वतः भरलीत. पण त्या वेळी ते आठवलं नाही. खरं सांगायचं तर भाचा मांस ठेवायच्या बर्फगार खोलीत पडलाय, हे मला सहन होत नव्हतं. त्याला तिथून काढायचं, एवढंच डोक्यात होतं.

"पाच दिवसांत तोंड दाखवतो, आक्का," मी म्हणालो. पत्र मी लिहिलं आणि दाजींनी सही केली.

त्या बंदरात पोलिसांना शवविच्छेदन हवं होतं आणि डॉक्टर रजेवर होता. मग सुट्ट्या आल्या. मग एक शिक्का राहिला म्हणून विमान कंपनीने पेटी परत पाठवली. मी रोज फोन करत होतो, ओरडत होतो, हात जोडत होतो. दहाव्या दिवशी तिथल्या एजंटाने जाता जाता सांगितलं की शवागारात दिवसातले सहा-सात तास वीज नसते. हे मी धारला सांगितलं नाही. आक्का रोज विचारायची, आज निघाला का? मी म्हणायचो, उद्या.

सोळाव्या दिवशी मी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. जहाजाचा ठिपका मुंद्र्याच्या धक्क्याला लागला होता. एका तासाचाही उशीर नाही. मुंद्र्याहून धार म्हणजे गाडीने एक दिवस. दुपारी कप्तानाचा मेसेज आला, "हम पहुँच गए सर। श्रेयस ठीक से घर पहुँचा ना?"

मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

श्रेयस एकोणिसाव्या दिवशी इंदूरला आला. वर लाकडी पेटी, आत जस्ताची, आणि जस्ताच्या कडा चारही बाजूंनी कथलाचा डाख देऊन बंद केलेल्या. वर कागद चिकटवलेला होता: देहाची स्थिती खराब आहे, दर्शनासाठी पेटी उघडू नये. तो कागद मी विमानतळावरच काढून खिशात घातला.

धारला अंगणात पेटी ठेवली. आक्काने लाकडावर दोन्ही हात ठेवले.

"उघड," ती मला म्हणाली.

"आक्का, कायदा नाही तसा. सरकारी सील आहे."

"माझ्या पोराला सरकारचं सील? उघड म्हणते ना!"

"नाही उघडता येणार!" मी ओरडलो. पोर गमावलेल्या बाईवर, चारचौघांत. दाजींनी मान वळवली. बायकांनी आक्काला धरून आत नेलं.

आमच्याकडे बायका स्मशानात येत नाहीत, हे त्या दिवशी मला बरंच वाटलं. जस्तासकट अग्नी देता येत नाही. गणपत नावाचा पत्र्याची कामं करणारा बोलावला होता. त्याने नाकाला गमछा बांधून कडा कापल्या. मी दाजींना लांब उभं केलं आणि एकटा पुढे झालो. जे पाहिलं ते लिहिणार नाही. तोंड म्हणावं असं तिथे काही उरलं नव्हतं. वास अजून माझ्या शर्टाला येतो असं वाटतं, शर्ट जाळला तरी.

घरी आलो, अंघोळ केली. आक्का स्वयंपाकघराच्या त्याच उंबऱ्याशी बसली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो.

"तिथे तर उघडलीच असेल पेटी," ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

"तू बघितलंस त्याला?"

"हो."

"कसा होता?"

मी म्हणालो, "जसा होता तसाच, आक्का. झोपलाय असं वाटत होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

"मग मला का नाही रे दाखवलास?"