स्वागताची पाटी धरणारा ईझल

मित्रांनो, मी एक जुना ईझल आहे. चित्रकार ज्यावर कॅनव्हास टेकवून रंगवतो, ती तीन पायांची लाकडी घोडी. आज माझे बोलणे गोड लागणार नाही, कारण मला राग आला आहे.

१९८६ साली नवीन जालन्यात फकरोद्दीन मिस्त्रींनी मला सागवानातून घडवले, ते तातेराव मास्तरांसाठी. मुंबईत चित्रकला शिकून आलेल्या मास्तरांना ललित कलांची राष्ट्रीय अकादमी जालन्यात उभारायची होती.

मिस्त्री हसले. "मास्तर, जालन्यात सरकी बिकती, चित्रं न्हाई."

"मंग चित्रं काढणारे लेकरं बिलकुल दिल्लीतच जन्मतेत का?" मास्तर म्हणाले. मिस्त्री रंधा मारू लागले.

स्टेशनाजवळ काकासाहेब या कापूस व्यापाऱ्याची जिनिंगची बंद शेड होती. मास्तरांनी काकासाहेबांना आपल्या नव्या संस्थेचे अध्यक्षपद दिले, तेव्हा ती मिळाली. राजूरहून, अंबडहून मुले चित्रकला शिकायला येऊ लागली. त्यांतली शिवकन्या माझ्यासमोर उभी राहायची. तिने जन्नतबी भाजीवालीचे चित्र काढले. ते पाहून जन्नतबी म्हणाली, "पोरी, मी येवढी थकली का गं?" आणि तिथेच बसून रडली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचा अर्थ कळला.

मास्तरांच्या खटपटीला यश येऊन अकादमीसाठी दिल्लीहून पाहणी समिती यायची ठरली. त्या सकाळी काकासाहेबांनी सगळी चित्रे मागच्या खोलीत टाकून कुलूप लावले.

"भाजीवालीचं थोबाड दावता व्हय पाव्हण्यायला?" ते मास्तरांवर ओरडले. जन्नतबीच्या जागी माझ्यावर त्यांचा स्वतःचा सोनेरी चौकटीतला फोटो चढला, वर झेंडूचा हार.

पाहुण्यांनी विचारले, "विद्यार्थ्यांचे काम कुठे आहे?" काकासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाली घातल्या. मास्तर दगडाने कुलूप फोडत होते. ते चित्रे घेऊन धापा टाकत बाहेर आले, तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या.

अकादमी नाकारली गेली. पुढच्याच हंगामात शेडचे मंगल कार्यालय झाले. मास्तर त्या रस्त्याने पुन्हा कधी गेले नाहीत. अकादमीचे नाव घेतच ते वारले. आणि मी? मी वर्षानुवर्षे स्वागताच्या पाट्या धरल्या. कुणी माझ्या खुंटीला चपलांची पिशवी अडकवली, कुणी माझ्या पायाशी पान थुंकले.

मग एका लग्नात शिवकन्या आली. ती आता चित्रकलेची शिक्षिका झाली होती. मला पाहताच तिने पाटी खाली उतरवली.

"ओ बाई, लगीन चालू हाये!" व्यवस्थापक मच्छिंद्र धावला.

"चालू द्या की. हा ईझल मास्तरांचा हाये. मी नेऊन राह्यले."

"मंग पाटी कशावर ठिवू?"

तिने पाटी त्याच्याच हातात दिली. "धरून उभे ऱ्हा. आमच्या मास्तरांच्या ईझलानं लई दिवस धरली."

मला खांद्यावर टाकून ती भर उन्हात वऱ्हाडी मंडळींमधून चालत गेली.

आता अंबडला तिच्या ओसरीवर मुले शिकतात. पण मित्रांनो, ओसरी म्हणजे अकादमी नव्हे, आणि मला गोड शेवट करायचा नाही. आम्हा ईझलांना झाडूनपुसून ठेवा, एवढेच मागून मी थांबणार नाही. तुमच्या गावात चित्रांच्या जागी कुणाचा हार घातलेला फोटो दिसला, तर टाळ्या वाजवू नका. चित्रे कुठे कोंडली आहेत, ते भर सभेत विचारा. पाहुणे उठून जायच्या आत विचारा.