बुजलेली घळ

"हा डोंगर माझ्या घरामागचा नाहीच मुळी," गुडवाइग संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाली. "इथली घळ कुणी खाल्ली?"

आस्लाक हसला. तीस वर्षं तो नगरपालिकेत हेच करत होता. विमानातून मोजलेले लाखो बिंदू जोडून संगणकात डोंगर उभा करायचा आणि त्यावरून हिमलोट सोडून बघायचा. या वेळी लोट सरळ गुडवाइगच्या घरावर आला होता. लोटाच्या वाटेतला भाग नकाशावर लाल पट्टा म्हणून दाखवायचा आणि त्यातलं घर कायमचं रिकामं करायचं, असा नियम. सोमवारी ठराव व्हायचा होता, आणि ही शहाऐंशी वर्षांची बाई हुज्जत घालत बसली होती.

"विमानाची मोजणी आहे, गुडवाइग. तिच्यात वीतभरही चूक नसते."

"कधी उडालं तुझं विमान?"

"तीन वर्षांपूर्वी. जूनमध्ये."

"अरे शहाण्या, त्या साली घळीतला बर्फ जुलै उजाडला तरी जागचा हलला नव्हता. आमच्या मेंढ्या त्यावरून पलीकडे गेल्या. तू बर्फ मोजलास, जमीन नाही!"

आस्लाकनं पडद्यावरची मोजणीची तारीख पुन्हा वाचली.

ठराव पुढे ढकलून तो मोजणीची काठी घेऊन डोंगर चढला. घळ होती. चांगली अकरा मीटर खोल, तळाशी झरा खळखळत होता. तीन दिवस त्यानं एकेक बिंदू स्वतः मोजला. गुडघे कुरकुरत होते, पण मनातून तो म्हातारीचे आभार मानत होता. ती गप्प बसली असती तर त्याच्याच सहीनं बिचारीचं घर गेलं असतं.

संगणकातल्या नव्या डोंगरावर लोट घळीत वळला आणि खाली खाडीत उतरला.

"घर सुटलं," गुडवाइगच्या ओट्यावर बसत तो म्हणाला. "पण काठावरचं होडीचं खोपटं लाल पट्ट्यात आलंय. ते पाडावं लागेल."

तिनं वॅफलवर तपकिरी चीज ठेवून बशी त्याच्यापुढे सरकवली.

"माझ्या टॉरलाइफनं बांधलं होतं, आमच्या लग्नाच्या वर्षी. असू दे. घर राहिलं ना! पण होडी तेवढी वर आणायला हवी. उद्या येशील?"

"उद्या कशाला?" आस्लाकनं कोट काढून ठेवला.

दुपारभर तो होडी मागून रेटत राहिला. गुडवाइग दोर धरून पुढे चालली होती, आणि दगड आला की हात वर करून त्याला थांबवत होती.