काटेवाल्यांच्या दुकानातली पावती

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारातल्या निम्म्या काट्यांवर ह्यांचा शिक्का आहे, म्हणून सगळे ह्यांना काटेवाले म्हणतात. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. इतका, की जरा इकडेतिकडे बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी माझ्या वडिलांना शब्द दिला होता, "तुमच्या मुलीच्या पैशाला मी हात लावणार नाही." पुढे वडिलांनी दुकानावरची खोली माझ्या नावावर केली आणि चार वर्षांपूर्वी मी ती एका नर्सबाईंना भाड्याने दिली. भाडं माझ्या खात्यात येई. किती येतं, हे ह्यांनी एकदाही विचारलं नाही. मैत्रिणींना मी हे मोठ्या कौतुकाने सांगायचे.

कराचा फॉर्म मात्र माझाही ह्यांच्याच हाती. तो हे भरत आणि बोट ठेवतील तिथे मी सही करी. भाडेकरू ह्यांच्या डोक्यावरच राहते, तेव्हा भाडं ह्यांनी लिहिलंच असणार, असं मी धरून चालले होते. मग एक दिवस नर्सबाईंनी त्यांच्या ऑफिसात द्यायला चार वर्षांच्या भाड्याच्या पावत्या मागितल्या, म्हणून आकडे जुळवायला मी जुने फॉर्म काढले. 'इतर उत्पन्न' ह्या ओळीत चारही वर्षी शून्य. ह्यांच्याच सुबक अक्षरात.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझं भाडं तू वेगळं दाखवतेस ना?"

"मी कुठे दाखवणार? सही तुम्ही भरलेल्या फॉर्मवरच करते की!"

"अगं, मग सांगायचंस."

"अहो, मग विचारायचंत!"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. विचारणं म्हणजेसुद्धा हात लावणं, असं हा माणूस चार वर्षं समजत होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानाचं शटर वर केलं, शिक्का काढला आणि पुन्हा कपाटात ठेवला. "दुसऱ्याच्या काट्यावर आता कोणत्या तोंडाने शिक्का मारू?" म्हणाले. बावीस वर्षांत मी ह्यांना रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला भडभडून आलं.

माझा मोठा भाऊ आला, त्याच्याकडे उपाय तयारच होता. "नर्सबाईंना थोडं भाडं सोड आणि म्हणावं, पावती विसरा. कोण बघायला येतंय?"

"दादा, चहा घे आणि घरी जा," मी म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

कर कार्यालयात आम्ही दोघं गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी," हे म्हणाले.

"ह्यांचं ऐकू नका, माझी," मी म्हणाले. "न वाचता सही मी केली."

"फॉर्म मी भरला!"

"आधी तुमचं ठरवा, मग अर्ज द्या," बाई म्हणाल्या. मागच्या रांगेत लोक हसले. पण आपणहून आलात म्हणून दंड कमी लागेल, हेही बाईंनीच सांगितलं. तरी थकलेला कर, व्याज आणि दंड मिळून माझ्या नव्या शिलाई मशीनसाठी जमवलेले सगळे पैसे जाणार होते. ह्यांनी पाकीट काढलं.

"शब्द दिलाय ना हात लावणार नाही म्हणून? मग लावू नका," मी म्हटलं आणि पैसे भरले. पावती माझ्या नावाची निघाली. खरं सांगते, बाहेर येताना माझी मान ताठ होती.

मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर भिंतीवर ह्यांच्या परवान्याखाली तीच पावती, काचेच्या फ्रेममध्ये.

"अहो, आपली अब्रू वेशीवर टांगताय का?"

"काट्यात फरक निघाला तर मी काय करतो?" ह्यांनी विचारलं. "गिऱ्हाइकाला दाखवतो, दुरुस्त करतो, मग शिक्का मारतो. हेही तसंच." आणि शिक्का कपाटातून टेबलावर आला.

मी पुन्हा वर बघितलं. बावीस वर्षांत दुकानात माझं नाव पहिल्यांदाच लागलं होतं, आणि तेही दंडाच्या पावतीवर! मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. फ्रेम जरा तिरकी होती, ती मी सरळ केली.

तेवढ्यात समोरचे धान्यवाले डोकावले. दोन वर्षं "काटा उद्या आणतो" म्हणून ह्यांना टाळत होते. त्यांनी पावती वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे तुमच्या घरचं?"

"हो. माझंच," मी म्हणाले.

ते पाठ फिरवून गेले. आता बाजारभर होणार, असं मी धरलं. दुपारी ते परत आले, स्वतःचा काटा दोन्ही हातांत उचलून.

"बघा जरा," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "जड दाखवतो तो. मला ठाऊक आहे."

ह्यांनी काट्यावर एक किलोचं वजन ठेवलं आणि स्वतः बाजूला सरकले.

"तू वाच," मला म्हणाले.

मी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि आकडा मोठ्याने वाचला.