दसऱ्याचा पट्टा

शालन पिकअप ट्रॅक्टरला बांधून माहेरी घेऊन आली, तेव्हा तिचा नवरा इंजिनात होता. घाटही इंजिनातच होता. तिसऱ्या वळणावर टायमिंगचा पट्टा तुटला आणि त्याच्याबरोबर ते वळण, वळणावरचा कठडा आणि काय झालं ते बघायला खाली उतरलेला नवरा, सगळं आत ओढलं गेलं, असं तिनं भर उन्हात उभ्या उभ्या सांगितलं. गाडीच्या हौद्यात आलं भरलेली पोती तशीच होती.

"त्यास्नी भाईर काढ," ती भावाला म्हणाली. "जेवायची वेळ झाली."

हणमंतानं गाडी घरामागच्या परसात, दोन भिंतींच्या मधे घेतली. तो गावातला मेस्त्री. शालन त्याची थोरली बहीण, म्हणून तिचा नवरा त्याचा दाजी; आणि ही सतरा वर्षांची डिझेल गाडी म्हणजे त्या नवराबायकोचं पोट. हणमंत तसा वाईट मेस्त्री नव्हता. आळशी होता, एवढंच. आणि आळशी माणसाला वरवरची सफाई फार झकास जमते.

त्यानं बॉनेट उघडलं, बोल्ट काढले, पट्ट्यावरचं कव्हर बाजूला ठेवलं. आत घाट दिसला. लाल माती, करवंदीच्या जाळ्या, पांढरा कठडा. तुटलेला पट्टा दरीत लोंबत होता. पट्टा तुटला की अशा इंजिनात वॉल्व्ह वाकतात. इथं वॉल्व्ह सरळ होते, दाजी वाकले होते. बोटाच्या पेराएवढे होऊन ते कठड्यावर पाठीतून वाकून बसले होते. आवाज मात्र नेहमीएवढाच होता.

"आलास व्हय, हणमंता?"

"आलो, दाजी."

"चूक माजीच हाय बघ. चार पोती जादा घातली मी. न्हायतर दसऱ्याला तू टाकलेला पट्टा असा कसा तुटंल? आता गाडी चालवायचा धीर न्हाय. ह्यातनं सुटलो की विकून टाकतो."

शालननं भावाकडं बघितलं. "टाकला हुतास न्हवं रं?"

"टाकला हुता की."

परसाची डावीकडची भिंत एक वीत आत आली. शालननं पदर सावरला आणि अंग चोरून उभी राहिली.

खरी गोष्ट अशी होती. दसऱ्याच्या खंडेनवमीला दाजी नवाकोरा पट्टा खोक्यासकट घेऊन आले होते, आणि पाने-पकडींची पूजा करताना शालननं त्या खोक्यालाही चार बोटांनी हळदीकुंकू ओढलं होतं. त्याच दुपारी शेजारच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं. हणमंतानं जुना पट्टा फडक्यानं पुसला, नवा दिसावा म्हणून त्यावर तोंडाला लावायची पावडर मारली, पुलींवर पांढऱ्या रंगाच्या ताज्या खुणा केल्या आणि कव्हर बसवलं. वर कागद चिकटवून आपल्या वळणदार अक्षरात पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिले. नंतर बदलू, असं तो मनाशी म्हणाला. नंतर म्हणजे कधी, हे त्यानं मनालाही विचारलं नाही. नवा पट्टा माळ्यावर पडून राहिला.

तो खोका आणायला हणमंत आता माळ्यावर चढला. उतरताना त्यानं खोक्यावरचं कुंकू पँटला पुसलं. पुसलं तसं ते वाढलं. परसात येईपर्यंत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि खोक्यावर कुंकवाची चार बोटं जशीच्या तशी होती.

शालननं खोक्यावर आपली बोटं ठेवून बघितली. बरोब्बर बसली.

"ह्यो दसऱ्याचा हाय," ती म्हणाली.

"न्हाय अक्का. तसलाच दुसरा हाय."

उजवीकडची भिंत दोन वीत आत आली आणि गाडीच्या आरशाला टेकली. आता बहीणभावाला खांद्याला खांदा लावूनच उभं राहता येत होतं. तिच्या श्वासाचा आवाज हणमंताच्या कानात येत होता. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं, पण पळायला वाट उरली नव्हती.

तो कामाला लागला. वरची पुली, पंपाची पुली, खालची पुली, तिघींच्या खुणा जुळवायच्या आणि मग पट्टा चढवायचा. दोन जुळल्या. तिसऱ्या पुलीवर पट्टा एका दातानं कमी पडत होता. कंपनीचा पट्टा, कमी पडायचं कारण नव्हतं. त्यानं पुन्हा काढला, पुन्हा चढवला. पुन्हा एक दात कमी.

"थांब, मी रेटतो," दाजी आतून म्हणाले. कठड्यावरून उतरले आणि आपली वाकलेली पाठ पट्ट्याला लावून रेटू लागले. "बसतोय का रं?"

हणमंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला आपण दरीच्या तोंडाशी नेऊन सोडलं, तोच आपल्याला खांदा देत होता.

"ह्यो तरी नवा हाय न्हवं?" दाजी धापा टाकत थट्टेनं म्हणाले.

"नवा हाय, दाजी."

दुपारपासूनचं त्याचं हे पहिलं खरं बोलणं. तरीही भिंत बोटभर आत आलीच. मग त्याला राहवेना.

"दाजी, दसऱ्याला पट्टा बदललाच न्हाय मी. जुनाच पुसून ठिवला. कुस्त्या बघाया गेलो. तुमची काय चूक न्हाय."

भिंती मागं सरल्या नाहीत. पट्टा मात्र आपोआप शेवटच्या दातात बसला.

"कुणाची कुस्ती हुती?" दाजींनी विचारलं.

"आठवत न्हाय."

दाजींनी डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "शालननं ऐकलं?"

"हितंच हाय ती."

"मग पाना तिच्या हातात दे."

नवा पट्टा बसवला की इंजिन हातानं पुरते दोन फेरे फिरवून बघतात. तेवढ्यात पट्टा वरच्या पुलीपासून खालच्या पुलीपर्यंत सरकतो. त्यावर बसून दाजी खाली येणार होते. पण पट्टा आणि पुली यांच्या मधे जे जाईल त्याचं पीठ होतं, आणि वाकल्या पाठीनं दाजींना उडी मारता येणार नव्हती. म्हणून हणमंतानं हात आत घालून खालच्या पुलीच्या तोंडाशी दाजींना चढायला बोट धरलं. भिंत पाठीला इतकी टेकली होती की हात पुन्हा बाहेर काढायला जागा नव्हती.

शालननं पाना लावला आणि जात्यावर बसल्यासारखी सावकाश फिरवू लागली. पहिला फेरा नीट गेला. कुठं अडकलं नाही. दुसऱ्या फेऱ्याला दाजी बोटापाशी आले.

"धरा, दाजी."

दाजींनी बोट धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. पण वर चढले नाहीत. पट्ट्यावर पाय रोवून तसेच उभे राहिले, आणि पट्टा त्यांना आणि बोटाला घेऊन खाली पुलीच्या तोंडाकडं सरकू लागला.

"अक्का, थांब."

शालन थेट त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिचा हात चालूच होता.